साबणाच्या वाटीभर रासबेरी

माझ्या सासऱ्यांना वाढलेली कुठलीही गोष्ट बघवत नाही. पायपुसण्याचा लोंबणारा धागा असो, कॅलेंडरचा दुमडलेला कोपरा असो, की समोरच्या चहावाल्याच्या मिशा असोत, त्यांचा हात लगेच खिशातल्या छोट्या कात्रीकडे जातो. व्यवसायानं ते न्हावी. कोपऱ्यावर दोन खुर्च्यांचं सलून, सलूनमागे निळा पडदा, पडद्यामागे आमच्या दोन खोल्या आणि त्यांच्याही मागे आठ पावलं लांब, पाच पावलं रुंद परसदार. माझी मुलगी तीन महिन्यांची झाली तेव्हा त्यांनी तिचं डोकं तासलं. सहा महिन्यांची झाल्यावर पुन्हा, आणि वर्षाची झाल्यावर पुन्हा. "तासलं की दाट येतं," हे त्यांचं ठाम मत. मुलगी आता साडेतीन वर्षांची आहे आणि तिच्या दोन्ही शेंड्या मिळून बुटाच्या एका नाडीएवढ्या भरतात. सासरे, म्हणजे आमचे बाबा, म्हणतात, "येतील."

हे आधीच सांगून टाकलं, कारण गोष्ट माझ्या सासूबाईंची असली तरी तिच्यातला सगळा घोळ या एका मतामुळे झाला.

सासूबाईंना मी आई म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा वाटलं होतं, बरं झालं, सासू गरीब आहे, आपलंच राज्य. इतकं कमी बोलणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. सव्वीस वर्षं आईंनी सलूनचे टॉवेल धुतले. दिवसाला पस्तीस-चाळीस टॉवेल. भिजवायचे, उकळायचे, पिळायचे, परसात वाळवायचे, चौघडी घालून थप्पी करायची आणि गरम ओले टॉवेल ताटलीत घेऊन पडद्यातून हात तेवढा पुढे करायचा. कित्येक गिऱ्हाइकांनी आईंचा हात बघितला होता, तोंड नाही. बाबांच्या कात्र्या रोज संध्याकाळी पुसून तेल लावून ठेवायचं कामही त्यांचंच. पण त्या कात्रीनं एक धागा कापायची मुभा नव्हती. "धार जाते," बाबा म्हणायचे. अख्ख्या दुकानाच्या कात्र्या सांभाळणारी ही बाई सुईतला दोरा दातानं तोडायची.

मी आले त्याच वर्षी रासबेरी आली. बाबांचं एक जुनं गिऱ्हाईक होतं, जहाजावर स्वयंपाकी म्हणून जन्म काढलेलं. ते लेकीकडे दुसऱ्या गावी कायमचे राहायला निघाले होते. जाताना शेवटची दाढी करायला आले आणि बरोबर एक कुंडी घेऊन आले. कुंडीत वीतभर काठी, तिला चार पानं.

"रासबेरी आहे, दादा," ते बाबांना म्हणाले. "वहिनींना द्या. जमिनीत लावा, पसरते. थंडीत छाटणी करायची, तेवढं विसरू नका. आणि फळ येईपर्यंत पानांचा चहा पीत जा, आम्ही बोटीवर प्यायचो."

आता मला सांगा, न्हाव्याला कुणी "छाटणी करायची" एवढंच सांगून गावाला निघून जातं का? किती, कुठून, कुठली, काही नाही!

आमच्यापैकी कुणी रासबेरी कधी पाहिली नव्हती. सरबताच्या बाटलीवरचं चित्र, एवढीच ओळख. आईंनी ती काठी परसातल्या पाण्याच्या टाकीजवळ लावली. टॉवेल धुतल्यावर शेवटचं जे साधं पाणी उरायचं, ते बादलीनं तिला घालायच्या. उन्हाळा संपेपर्यंत काठीच्या पाच काठ्या झाल्या. पुरुषभर उंच, बारीक काटे, पानं वरून हिरवी आणि खालून चांदीसारखी पांढरट. आई पान उलटं करून मला दाखवायच्या. "बघ गं, अस्तर लावल्यासारखं आहे."

थंडी आली आणि एका सुट्टीच्या दिवशी बाबा झाडं छाटायची मोठी कात्री घेऊन परसात उतरले. ही कात्री त्यांनी खास विकत आणली होती, स्वतः धार लावली होती आणि ती इतर कात्र्यांच्याच ड्रॉवरमध्ये मानानं राहत होती. काट्यांमुळे काठ्या हातात धरता येत नव्हत्या. तेव्हा आईंनी जाड टॉवेल गुंडाळून पाचही काठ्या एकत्र धरल्या आणि बाबांनी जमिनीलगत सपासप उडवल्या. मान मोकळी केल्यासारखी जागा साफ झाली.

"आता बघा कशी दाट येते," बाबा म्हणाले.

आणि खरोखर आली की हो! वसंतात पाचाच्या चौदा काठ्या झाल्या. बाबा गिऱ्हाइकांना पडदा सारून दाखवायचे. दुसऱ्या थंडीत पुन्हा सपासप, पुन्हा टॉवेल धरून आई. मग चौदाच्या तीस. पानं रगड, फळ एक नाही. उन्हाळा यायचा, आई रोज सकाळी एकेक काठी बघून यायच्या आणि टॉवेल भिजवायला बसायच्या.

फळ नाही तर नाही, पानं तर होती. आईंनी स्वयंपाक्याचा शब्द मनावर घेतला. दव सुकल्यावर कोवळी, न किडलेली पानं खुडायची, धुवायची आणि जुन्या टॉवेलांवर सावलीत पसरायची. पहिल्या वर्षी त्यांनी घाई केली. पानं वरून वाळल्यासारखी वाटली म्हणून बरणीत भरली आणि पंधरा दिवसांनी झाकण उघडलं तर आत पांढरी बुरशी. सगळी बरणी फेकून द्यावी लागली. तेव्हापासून पान मुठीत घेतलं की कुरकुर आवाज होऊन चुरा झाला पाहिजे, त्याशिवाय बरणीला हात लावायचा नाही, असा कायदा झाला. उकळत्या पाण्यात चिमूटभर चुरा, वर झाकण, दहा मिनिटं. चव साध्या कोऱ्या चहासारखी, थोडी तुरट.

बाबा दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून बोलून घसा बसवून घ्यायचे. त्यांना कोमट करून गुळण्यांना. माझ्या नवऱ्याचं पोट जरा काही खाल्लं की बिघडतं, त्याला अर्धा कप. आणि महिन्याच्या त्या दोन दिवसांत मी पोट धरून पडले की आई न विचारता कप आणून ठेवायच्या आणि पायाशी बसायच्या. आता खरं सांगू? मला बरं वाटायचं ते पानानं, गरम पाण्यानं की त्या पायाशी बसल्यामुळे, हे मी अजूनही छातीठोकपणे सांगू शकत नाही. आमच्यापासून दोन दुकानं सोडून दवाखाना आहे. तिथल्या नर्सबाई स्वतःच्या पोराचे केस कापून घ्यायला बाबांकडे यायच्या. आईंनी त्यांना एकदा विचारलंच. त्या म्हणाल्या, "चहा म्हणून खुशाल प्या. पण औषध समजू नका. दुखणं राहिलं तर माझ्याकडे यायचं, बरणीकडे नाही."

आईंनी हे अक्षरशः पाळलं. मला दिवस गेले तेव्हा मी सवयीनं चहा करून घेतला, तर त्यांनी सरळ कप माझ्या हातातून काढून घेतला. मला राग आला. माझा राग नाकावरच असतो. मी म्हटलं, "अहो आई, पानं काय मोजून ठेवलीत का?" त्यांनी कप ओतून दिला, चपला घातल्या आणि मला हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेल्या. नर्सबाई म्हणाल्या, बरोबर केलंत, सुरुवातीला नकोच, पुढेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मग नऊ महिने ती बरणी वरच्या फळीवर राहिली, माझा हात पोचणार नाही अशी. त्या दिवशी मला कळलं की ही गरीब सासू नव्हे. फक्त तिच्याकडे अडून बसण्यासारखं आजवर काही नव्हतं.

चौथ्या वर्षीचा उन्हाळाही तसाच, बिनफळाचा गेला. निदान आम्हाला तसं वाटलं. एव्हाना रासबेरीनं परस व्यापलं होतं आणि तिचे कोंब भलतीकडेच डोकं काढायला लागले होते. एक तर न्हाणीच्या मोरीच्या फटीतून आला. आणि नेमकी तीच गोष्ट जागामालकांच्या डोळ्यांवर आली.

मालक म्हणजे त्या सगळ्या दुकानांच्या ओळीचे मालक. भला दांडगा माणूस, आवाज मोठा, पण बोललेला शब्द फिरवणारा नाही. दर रविवारी सकाळी नऊ वाजता त्यांची दाढी. त्या रविवारी ते गालाला फेस लावून बसले होते, सलून भरलेलं होतं आणि आई टॉवेलची ताटली घेऊन पडद्याशी आल्या होत्या.

"अरे, ते मागचं रान काढ बाबा आता," मालक म्हणाले. "आज मोरीतून आलं, उद्या खुर्चीखालून येईल. मी तिथं फरशी घालणार आहे. मोटारसायकली उभ्या राहतील."

"मंडळींची आवड आहे हो," बाबा म्हणाले.

"आवड कसली? चार वर्षं काटे पाळलेत! फळ आलं का एक तरी?"

सगळे हसले. बाबाही हसले, आणि ते मला फार लागलं. मालकांना आणखी चेव आला. "हे बघ, मी काही वाईट माणूस नाही. पुढच्या उन्हाळ्यात एक वाटीभर फळ दाखवा, मी त्या जागेला परत हात लावणार नाही. जागा वहिनींची. नाही दाखवलंत तर फरशी. सगळ्यांसमोर बोलतोय."

"कुठली वाटी?"

सगळ्यांनी माना वळवल्या. कोण बोललं ते आधी कुणाला कळेना. आई पडदा सारून आत आल्या होत्या. पदराला हात पुसत, मालकांच्या खुर्चीसमोर उभ्या.

"वाटीभर म्हणजे कुठली वाटी?" त्यांनी पुन्हा विचारलं.

मालकांनी गांगरून समोरच्या कट्ट्याकडे बोट केलं. तिथे साबणाचा फेस करायची पितळी वाटी होती, जाड काठाची. आईंनी ती उचलली, आत किती मावेल ते बघितलं, परत ठेवली आणि पडद्याआड गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी परसात वाळलेली पानं देठावरून ओरपत बसलो होतो. मी मालकांच्या नावानं यथेच्छ बोटं मोडत होते. आई म्हणाल्या, "त्यांचं काय चुकलं? चार वर्षं खरंच काही दिसलं नाही त्यांना." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुला एक सांगते. यांना बोलू नकोस. फळ आलं होतं."

मी देठ खालीच ठेवला.

"टाकीच्या मागे," त्या म्हणाल्या. "गेल्या थंडीत यांची कात्री तिथं पोचली नाही, एक काठी राहून गेली. मी आपली मोरी साफ करायला मागे गेले तर तिला फुलं. नंतर फळं आली. अकरा. एक मी खाल्लं, बाकीची पाखरांनी नेली. मी तेव्हापासून विचार करतेय. नवीन काठीला पहिल्या वर्षी नुसती पानं येतात. तीच काठी थंडीभर राहिली, तर दुसऱ्या वर्षी फळ देते. आणि आपण दर थंडीत सगळ्याच उडवतो."

म्हणजे दर थंडीत आम्ही पुढच्या वर्षीचं फळ कापून केराच्या टोपलीत टाकत होतो, आणि त्या काठ्या टॉवेलनं धरून उभी राहणारी बाई हीच! माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "मग बाबांना सांगितलं का नाही?"

"कसं सांगू? सव्वीस वर्षांत मी त्यांना कात्रीबद्दल एक शब्द बोलले नाही. हातावर पोट आहे त्यांचं, हात चुकला म्हणू?" त्या पानं ओरपत राहिल्या. "पण आता सांगावं लागेल. दुकान यांचं आहे. जागा मालकांची आहे. टॉवेल गिऱ्हाइकांचे आहेत. माझ्या हातानं लावलेलं या घरात हे एवढंच आहे गं. ते गेलं तर मला फार वाईट वाटेल."

इतकं सरळ वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मला रडू आलं आणि मालकांबरोबर बाबांचाही राग आला.

थंडी पडली. सुट्टीचा दिवस उजाडला. बाबा बाह्या सरसावून, मोठी कात्री घेऊन परसात आले. आई तिथे आधीच उभ्या होत्या, खांद्यावर टॉवेल.

"धर," बाबा म्हणाले.

"नाही."

बाबांना वाटलं, काट्याला घाबरली. "अगं, दुहेरी कर टॉवेल, लागत नाही."

"या काठ्यांना हात लावायचा नाही, असं म्हणतेय मी," आई म्हणाल्या, आणि टाकीमागच्या काठीचं सगळं सांगितलं. अकरा फळांसकट.

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "योगायोग असेल. तासल्यावर किती दाट येते, तूच बघतेस ना?"

"दाट येते. पानं दाट येतात. मला फळ पाहिजे."

"म्हणजे माझा हात चुकला म्हणतेस?"

मी दारात मुलीला कडेवर घेऊन उभी होते. आता या "नाही हो, तसं नाही" म्हणतील, असं मला शंभर टक्के वाटलं. आई म्हणाल्या, "हो. चुकला."

बाबा कात्री घेऊन आत गेले. पुढचे आठ दिवस घरात टेबलावर ताटं वाजायची तेवढाच आवाज. बाबांचा घसा बसला होता, तरी त्यांनी गुळण्यांचा कप तसाच थंड होऊ दिला. खरं तर त्यांची मला दयाही येत होती. परसात तीस काठ्या, पानं झडलेल्या, कुठलीही कुठेही वाकलेली, आणि बाबांना दिवसातून चारदा न्हाणीकडे जाताना त्यांच्यासमोरून जावं लागायचं. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक समोरून पळून गेल्यावर जसं होईल, तसं त्यांचं झालं होतं. हात शिवशिवायचे. एकदा तर मी त्यांना एक काठी बोटांनी विंचरताना पकडलं.

आणि थंडीच्या शेवटी शेवटी एका सकाळी आईंची किंकाळी ऐकू आली. आम्ही धावलो. सगळ्या काठ्यांचे शेंडे एका रेषेत कापलेले. चार बोटं, पण सगळ्यांचे.

बाबा पडद्याशी उभे होते, अपराधी मुलासारखे. "कापलं नाही," ते म्हणाले. "नुसतं लेव्हल केलं."

आई मटकन बादलीवर बसल्या. त्या रडल्या, आणि बाबांनी त्यांना रडताना बघितलं. ते तिथेच उभे राहिले, मग जाऊन मोठी कात्री ड्रॉवरमधून काढून आणली आणि तिला फडकं गुंडाळून वरच्या फळीवर ठेवली, चहाच्या बरणीच्या मागे. "आता मलाच दिसायला नको," म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांनी गुळण्यांचा कप स्वतः मागून घेतला.

फळ शेंड्याला येतं की कुठे येतं, हे आम्हाला कुठे ठाऊक होतं? पुढचा दीड महिना आमचा जीव टांगणीला. मग वसंतात एका सकाळी आई मला हाक मारायला आल्या. हाक कसली, हाताला धरून ओढतच नेलं. जुन्या काठ्यांच्या अंगाला, खालपासून वरपर्यंत, हिरव्या फांद्या फुटल्या होत्या आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला कळ्यांचा झुबका! चार बोटं गेली त्यानं काही म्हणता काही बिघडलं नव्हतं. आठवड्यात पांढरी फुलं आली, मधमाश्या आल्या. पडद्याआडून गुणगुण ऐकू यायची आणि गिऱ्हाइकं विचारायची, आत पंखा नवीन घेतलात का?

फळ धरल्यावर बाबांनीच पाखरांचा बंदोबस्त केला. केस कापताना अंगावर घालायची जुनी, विरलेली कापडं काढली आणि काठ्यांवर पांघरली, गळ्याशी बांधतात तशी मागे गाठ मारून. परसात डझनभर गिऱ्हाइकं डोकी खाली घालून बसल्यासारखी दिसायची. बाबा जाता-येता गाठ सैल आहे का ते बघायचे. फळ हिरवं, मग पिवळट, मग गुलाबी, मग लाल. वाटी भरल्याशिवाय कुणी तोंडात टाकायचं नाही, अशी आईंची सक्त ताकीद होती. माझ्या मुलीनं ती एकदा मोडली. मी दोनदा.

तो रविवार उजाडला. आईंनी सकाळी सहालाच पितळी वाटी घासूनपुसून नेली. रासबेरी नुसत्या बोटानं सुटते, पांढरा देठ झाडावर राहतो आणि हातात येतं ते आतून पोकळ, शिंप्याच्या बोटावरच्या अंगुस्तानासारखं. मी मोजत होते. वाटी काठोकाठ भरायला एकोणसत्तर लागल्या, वर शीग लावायला आणखी नऊ.

नऊ वाजता मालक आले. फेस लागला, एक गाल झाला. तेवढ्यात पडदा सरला आणि आई आत आल्या, हातात टॉवेलची ताटली नाही, वाटी. त्यांनी ती मालकांसमोर, आरशाखालच्या कट्ट्यावर ठेवली. आरशात दुसरी वाटी दिसली.

मालक बघतच राहिले. सगळं सलून उठून उभं राहिलं. मग मालकांनी डोळे बारीक केले. "वहिनी, कुठल्या बाजारातून आणलीत?"

माझं रक्त उसळलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणाल्या, "उठा."

"अहो, अर्धी दाढी..."

"उठा म्हणते ना!"

आणि तो दांडगा माणूस उठला. गळ्यात कापड, एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस, असा आईंच्या मागून पडद्यातून गेला. त्याच्यामागून बाबा वस्तरा हातात घेऊन, त्यांच्यामागून अर्ध्या केसांची, ओल्या डोक्यांची सगळी गिऱ्हाइकं आमच्या दोन खोल्यांतून. माझी घडी न केलेली अंथरुणं सगळ्या मोहल्ल्यानं त्या दिवशी पाहिली. परसात आईंनी एकेका काठीची गाठ सोडली आणि कापड झटकन ओढून घेतलं, जसं दाढी झाल्यावर ओढतात. लाल! वरपासून खालपर्यंत लाल, वाटी काढून घेतल्यावरही.

मालक काठीजवळ सरकले. मग त्यांनी हात पुढे करून एक फळ स्वतः खुडलं, फेसातून वाट काढत तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा मोठ्यानं म्हणाले, "जागा वहिनींची. सगळ्यांसमोर बोललो होतो, सगळ्यांसमोर सांगतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी तरी बाबांच्या पाठीवर थाप मारली, "मानलं बुवा, काय हात आहे तुमचा!"

बाबांनी वस्तरा मिटला. "माझा हात नाही," ते म्हणाले. आवाज बसलेला, पण सगळ्यांना ऐकू गेला. "इतकी वर्षं मी फळ कापत होतो. हिनं थांबवलं."

मी आईंकडे बघितलं. त्या मान खाली घालतील असं वाटलं होतं. त्यांनी मान वर केली, सगळ्या गिऱ्हाइकांकडे एकदा नीट बघितलं आणि म्हणाल्या, "एकेक घ्या सगळ्यांनी. दोन नाही."

हे झालं गेल्या उन्हाळ्यात. परवा थंडीतला तो सुट्टीचा दिवस पुन्हा आला. ज्या काठ्यांना फळ येऊन गेलं, त्या आता वाळून तपकिरी झाल्या होत्या. त्या कापायच्या आणि नवीन हिरव्या ठेवायच्या, हे आईंनी आम्हाला पाठ करून घेतलं होतं. बाबांनी फळीवरून, बरणीच्या मागून कात्री काढली, फडकं सोडलं आणि परसात आले. आई खांद्यावर टॉवेल घेऊन उभ्याच होत्या.

बाबा पहिल्या काठीपाशी वाकले. मग सरळ झाले. "ही का?" त्यांनी विचारलं.

"ही नाही. तिच्या शेजारची."

बाबांनी पुन्हा बघितलं, पुन्हा सरळ झाले. आणि मग ती कात्री, जिला घरात कुणी हात लावलेला चालत नाही ती, मूठ पुढे करून त्यांनी आईंसमोर धरली. "तूच काप," म्हणाले. "तुला कळतं."

आईंनी पदराला हात पुसले. कात्री घेतली. बाबा सुरुवात करण्याआधी हवेत दोनदा चालवून बघतात तशी दोनदा चालवली, कच कच. त्यांचे डोळे भरून आले होते, माझेही, आणि माझी मुलगी टाळ्या वाजवत होती. मग आईंनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि बाबांपुढे केला.

"अहो, धरा," त्या म्हणाल्या. "दुहेरी करा, म्हणजे लागत नाही."

बाबांनी टॉवेल दुहेरी केला आणि काठी धरली.